नादारीचे दोन अर्थ



वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे पुण्याहून आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने ती १८७५ साली तेथे सुरू झाली, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, १२ तारखेस, पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे बाहेर काढले आणि त्यांची होळी केली. एकीकडे शहरात ज्ञानाची सत्रे भरत होती आणि दुसरीकडे बाजारपेठेत कागद जळत होते. रानड्यांना या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटत असाव्यात. कारण पुढे त्यांनीच दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या १८७९ च्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून हजारो कर्जदारांचे तंटे पाहिले. विद्या आणि कर्ज यांचे नाते असे जुने आहे. आजचा आमचा विषयही तोच आहे, फक्त थोडा अधिक बारीक केलेला. ज्या घराचे दिवाळे निघाले, त्या घरातील मुलाला शिकण्यासाठी कर्ज मिळते काय? आणि ज्याचे स्वतःचेच दिवाळे निघाले, त्याला पुन्हा शिकावेसे वाटले तर त्याने काय करावे?

विषयाचे नाव ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंत ऋतूत दिवाळखोरीचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी आहे आणि ज्यांच्या कपाटात बँकेच्या नोटिसा आहेत, त्यांना हा विषय अभद्र वाटणार नाही. ते हात वर करणार नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्यांच्या वतीने आम्ही हा प्रश्न विचारीत आहो.

आधी शब्दाकडे पाहू. दिवाळे हा शब्द दिव्यावरून आला, असे सांगतात. बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे. देणेकऱ्यांनी तो पाहून काय ते समजावे. कायद्याच्या मराठीत मात्र शब्द आहे नादारी. ज्याच्याजवळ देणे फेडण्याइतके काही नाही तो नादार. आणि गंमत अशी की हाच शब्द आपल्या शाळांतही होता. ज्या गरीब विद्यार्थ्याची फी माफ होई त्याला नादारी मिळाली असे म्हणत. कोर्टात नादारी म्हणजे नामुष्की, शाळेत नादारी म्हणजे सवलत. एकाच शब्दाने एका ठिकाणी दार लागते आणि दुसऱ्या ठिकाणी दार उघडते.

हे आम्ही कोशात वाचून सांगत नाही. आमच्या वडिलांचे भंडाऱ्यात पितळी भांड्यांचे लहानसे दुकान होते. भंडाऱ्याचे पितळ ही एके काळी नावाजलेली वस्तू होती. लग्नातील रुखवतात आपल्याकडची घागर, गुंडी, परात नसेल तर रुखवत अपुरे वाटावे, असे ते दिवस होते. मग स्टेनलेस स्टील आले. ते घासावे लागत नव्हते, कल्हई लागत नव्हती, आणि सुनांना ते आवडले. सुनांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. वडिलांनी मात्र दोन वर्षे उधारीवर माल भरला, तो गेला नाही, आणि १९६८ साली त्यांनी कोर्टात नादारीचा अर्ज दिला. आम्ही तेव्हा नववीत होतो. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी आम्हांला बोलावून सांगितले की तुझी नादारी मंजूर केली आहे, फी आणू नकोस. त्या वयात आम्हांला वाटले की कोर्टाची बातमी शाळेत पोचली आणि आता सगळा वर्ग आपल्याकडे बोट दाखविणार. दोन दिवस आम्ही शाळेत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी आईने तो शब्द समजावून सांगितला. पुढे आम्ही वकील झालो आणि त्याच शब्दाचे कोर्टातील प्रकरण चालविण्यात आमची पुष्कळ वर्षे गेली.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ चा कायदा आणि उरलेल्या मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम, अशी व्यवस्था इंग्रजी अमदानीत झाली. २०१६ साली संसदेने नवी नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांच्या बाबतीत ती जोरात चालू आहे. परंतु व्यक्तींसाठी असलेला तिचा भाग डिसेंबर २०१९ पासून अंमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. त्यामुळे भंडाऱ्याचा दुकानदार, मोहाडीचा कोसा विणकर किंवा तुमसरचा धान व्यापारी नादार होऊ पाहतो तेव्हा तो १९२० च्या त्या जुन्याच दाराशी येतो. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा असल्यामुळे त्यातील आकडेही त्या काळचे आहेत. पाचशे रुपयांचे देणे अंगावर असले की अर्ज करता येतो.

अर्ज मंजूर होऊन माणूस नादार ठरला की त्याची मिळकत कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मात्र सगळी नव्हे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, आणि धर्माप्रमाणे स्त्रीला उतरविता येत नाहीत असे दागिने यांना कोणी हात लावू शकत नाही. त्याच्या मोबदल्यात देणेकऱ्यांना त्याच्यामागे लागण्यास मनाई होते; कोर्टाची परवानगी घेतल्याविना त्यांना त्याच्यावर दावा लावता येत नाही. गहाणदाराचा हक्क मात्र शाबूत राहतो. घर गहाण असेल तर घर वाचत नाही. मग ठरलेल्या मुदतीत नादाराने मुक्ततेचा अर्ज करावयाचा असतो. कोर्ट त्याची वर्तणूक पाहते. त्याने हिशेबाच्या वह्या ठेवल्या होत्या काय? आपण बुडालो हे कळूनही तो उधारीवर व्यापार करीत राहिला काय? सट्टा, जुगार, अवास्तव खर्च यांपायी तो बुडाला काय? मिळकतीतून देण्याच्या निम्मी तरी रक्कम निघते काय, आणि निघत नसेल तर त्यात त्याचा दोष किती? मुक्तता मिळाली की बहुतेक जुनी देणी संपतात. सरकारी देणे, लबाडी करून घेतलेले कर्ज आणि पोटगी ही मात्र राहतात.

येथे एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी गुंतागुंत तिच्यातून निघते. नादार ठरलेल्या पण मुक्त न झालेल्या माणसाने, आपण नादार आहो हे न सांगता कोणाकडून पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेतले, तर तो गुन्हा आहे आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपये! आज तेवढ्यात दोन माणसांचा चहा-भजी होत नाहीत. तेव्हा अशा वडिलांनी मुलाच्या शिक्षणाच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून मुकाट्याने सही करणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

कोणी म्हणेल, बाप नादार झाला तर मुलगाही नादारच. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात तसे मानीत असत खरे. बापाचे ऋण फेडल्याविना त्याला गती नाही, म्हणून पुत्राने ते फेडावे, असा दंडक होता आणि कोर्टेही तो मानीत. आपल्या मुलखात तर कर्ज वारशाने येई. आपण मध्यप्रांतात होतो तेव्हा या पिढीजात कर्जावर उपाय म्हणून १९३३ साली कर्जसमेट मंडळांचा कायदा करावा लागला आणि १९३९ साली ऋणमुक्तीचा आणखी एक. परंतु हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून हा दंडक गेला. त्या दिवसानंतर बापाने काढलेल्या कर्जासाठी, केवळ पुत्रधर्म म्हणून, मुलावर, नातवावर किंवा पणतूवर दावा चालत नाही. ज्या कलमाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिला, त्याच कलमात हे आहे. मुलींच्या वाट्याचा गाजावाजा झाला आणि याचा झाला नाही. तात्पर्य, नादार बापाचा अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कायद्याच्या दृष्टीने स्वच्छ पाटी आहे.

मग कर्ज नाकारले का जाते? याचे उत्तर कायद्यात नाही, बँकेच्या टेबलावर आहे. आपल्या देशात शिक्षणकर्जाला आजचे रूप आले ते २००१ साली, बँकांच्या संघटनेने केलेल्या नमुना योजनेने. तिचा गाभा चांगला आहे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेनेही बजावले आहे. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. फेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून सरकारी हमीनिधी आहे. योजनेचे तत्त्व असे की मूल शिकून जे मिळविणार त्यातून कर्ज फिटेल. बापाच्या आजच्या मिळकतीतून नव्हे. परंतु त्याच योजनेत आईवडिलांपैकी एकाने सहकर्जदार व्हावे असे आहे, आणि येथे पाचर बसते. सहकर्जदार म्हटला की त्याचा सिबिलचा स्कोअर आला. तीनशे ते नऊशे गुणांच्या त्या परीक्षेत नादार बाप नापासच असतो, आणि थकबाकीची नोंद तेथे निदान सात वर्षे राहते. म्हणजे कोर्ट ज्याला मोकळे करते, त्याला हा कागद मोकळा करीत नाही.

बँकवाल्यांचीही बाजू आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. बँकेतला पैसा बँकेचा नाही. तो याच सभागृहातील पेन्शनरांच्या ठेवींचा आहे. शिक्षणकर्जे बुडतात, हे खरे आहे. शाखेतील अधिकाऱ्याने मंजूर केलेले कर्ज बुडाले तर जाब त्याला विचारतात. नाकारलेल्या कर्जाचा मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्यामुळे नाही म्हणणे त्याला सोपे जाते. त्याचा राग न धरता, नाही म्हणणे तितकेसे सोपे राहणार नाही, अशी व्यवस्था आपण केली पाहिजे.

न्यायालयांनी या बाबतीत काही पावले टाकली आहेत. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले की पालकांचा सिबिल स्कोअर चांगला नाही एवढ्यावरून विद्यार्थ्याचे शिक्षणकर्ज नाकारता येणार नाही. विद्यार्थी शिकल्यावर फेडू शकेल काय हे पाहिले पाहिजे. त्याच न्यायालयाने २०२३ साली पुढचे पाऊल टाकले. तेथे तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच नावावर थकलेली कर्जे होती, आणि त्याचा स्कोअर पडलेला होता. तरीही केवळ तेवढ्या कारणाने शिक्षणकर्ज नाकारू नये आणि बँकांनी अशा अर्जांकडे माणुसकीने पाहावे, असे न्यायालयाने सांगितले. केरळचा निर्णय भंडाऱ्याच्या बँकेवर हुकूम म्हणून बंधनकारक नाही, हे आम्ही वकील या नात्याने सांगितले पाहिजे. परंतु तो अर्जासोबत जोडता येतो, आणि वरिष्ठ अधिकारी तो वाचतो.

आता एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगणार नाही. २०२४ सालच्या पावसाळ्यात एक धान व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. दोन हंगाम फसले होते, अडत्यांचे देणे थकले होते, आणि नादारीचा अर्ज आम्हीच चालविला होता. मुक्तता अजून व्हावयाची होती. मुलीला सरकारी प्रवेशफेरीतून नागपूरला अभियांत्रिकीची जागा मिळाली होती. एका बँकेत त्यांना तोंडी सांगण्यात आले की वडिलांचे नाव असे असताना अर्ज घेण्यात अर्थ नाही. कोणा मध्यस्थाने त्यांना दोन युक्त्या सांगितल्या होत्या. एक, नादारीचा उल्लेख न करता दुसऱ्या गावच्या शाखेत अर्ज करावा. दुसरी, अर्जाच्या आधी मुलीच्या नावावर शेत करून दिले असते तर बरे झाले असते, म्हणून आता मागील तारखेचा कागद करावा.

पहिली युक्ती म्हणजे तुरुंगाचे कलम. ते आपण पाहिलेच. दुसरी तर सरळ खोटा कागद. आणि खरा कागद केला असता तरी तो टिकला नसता. कारण नादारीच्या अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत मोबदल्याविना दिलेली मिळकत कोर्ट परत घेऊ शकते. आम्ही व्यापाऱ्याला हे समजावीत होतो तेव्हा मुलगी खाली मान घालून बसली होती. शेवटी तिने एकच विचारले, "काका, बाबांनी सही केली नाही तर चालेल का?" त्या प्रश्नात कायद्याचे सारे उत्तर होते.

आम्ही आधी पैसा किती लागतो ते मोजले. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, सरकारी प्रवेशफेरीतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणात शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे. ही मुलगी त्यात बसत होती. बापाच्या नादारीने येथे काही बिघडत नव्हते. उलट तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पटकन मिळाला. शाळेतली नादारी ती हीच. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९५९ साली कमी उत्पन्नाच्या घरांसाठी जी सवलत सुरू केली आणि जिला आपण ई.बी.सी. म्हणत आलो, तिचीच ही नात म्हणावी. एवढे झाल्यावर कर्ज लागणार होते ते वसतिगृह, खाणावळ, पुस्तके आणि संगणक यांपुरतेच, आणि ते चार लाखांच्या पुष्कळ आत होते.

मग सहकर्जदार. मुलीची आई अंगणवाडी सेविका होती. मानधन थोडे, पण कर्ज कधी घेतलेले नाही. अर्ज आईच्या नावाने केला. वडिलांची नादारी लपविली नाही. अर्जात स्पष्ट लिहिली आणि कोर्टाच्या हुकमाची प्रत जोडली. पुन्हा तोंडी नकार आला तेव्हा आम्ही म्हटले, नकार लेखी द्या आणि कारण लिहा. नमुना योजनेप्रमाणे वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीविना शाखेला अर्ज फेटाळता येत नाही. कागद वर गेला. मागितले त्यापेक्षा थोडे कमी, पण कर्ज मंजूर झाले. वसतिगृहाचे पैसे परस्पर तेथे भरावेत आणि उरलेले मुलीच्याच खात्यात यावेत, असे आम्ही मुद्दाम मागून घेतले. याचे कारण आहे. मुक्तता होईपर्यंत नादाराच्या हाती जी मिळकत नव्याने येते तीही रिसीव्हरच्या ताब्यात जाते. बापाच्या खात्यावर मुलीच्या खाणावळीचे पैसे आले असते, तर ते अडत्यांच्या देण्यात गेले नसते कशावरून?

या एका प्रकरणात आमचे सारे सांगणे येऊन गेले. तरी ज्यांना उद्या बँकेत जायचे आहे त्यांच्यासाठी क्रम पुन्हा सांगतो. प्रथम माफी आणि शिष्यवृत्ती, मग उरलेल्यापुरतेच कर्ज. ओबीसी महामंडळासारख्या शासकीय महामंडळांकडे व्याजाचा परतावा देणाऱ्या योजना आहेत. त्यांची चौकशी करावी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडलेल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीन यांच्याविना कर्जाची सोय आहे. आपली संस्था त्या यादीत आहे काय ते आधी पाहावे. सहकर्जदार म्हणून आई, आजोबा, मामा, विवाहित मुलीचा पती किंवा सासरे यांच्यापैकी कोण बसतो ते बँकेला विचारावे. सिबिलचा कागद वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो मागवून त्यातील चुका दुरुस्त करून घ्याव्यात. फिटलेले कर्ज तेथे न फिटलेले म्हणून दिसते, असे अनेकदा होते. नकार लेखी घ्यावा. तीस दिवसांत बँकेकडून तक्रारीचे उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी लागत नाही. आणि वडिलांनी मुक्ततेचा अर्ज वेळेवर करावा. कित्येक जण नादार ठरले की निःश्वास सोडतात आणि मुक्ततेचा अर्जच करीत नाहीत. ते आयुष्यभर मधल्या दारात उभे राहतात.

ज्या विद्यार्थ्याचे स्वतःचेच दिवाळे निघाले, त्याची वाट अधिक बिकट आहे. समजा, एखाद्याने पहिल्या शिक्षणासाठी कर्ज काढले, नोकरी लागली नाही, धंदा केला, तो बुडाला, आणि तिशीत त्याला पुन्हा काही शिकावेसे वाटले. त्याने आधी मुक्तता मिळवावी, मग मुक्ततेच्या हुकमाची प्रत घेऊन उजळ माथ्याने बँकेत जावे. मुक्त झालेल्या माणसाला कर्ज देऊ नये असे कोणताही कायदा म्हणत नाही. द्यावेच असेही म्हणत नाही. अमेरिकेत मात्र १९९४ पासून तसे काहीसे आहे. सरकारी शिक्षणकर्ज केवळ पूर्वीच्या दिवाळखोरीमुळे नाकारू नये, अशी तेथील दिवाळखोरीच्या कायद्यात तरतूद आहे. परंतु त्याच कायद्यात दुसरे कलम असे आहे की शिक्षणकर्ज दिवाळखोरीने सहसा सुटत नाही. फेडणे म्हणजे असह्य हाल, हे कर्जदाराने कोर्टात सिद्ध करावे लागते. म्हणजे तेथे आत जाण्याचे दार उघडे आणि बाहेर येण्याचे दार जवळजवळ बंद.

हे परक्याचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या २०१६ च्या संहितेतही व्यक्तींसाठीच्या भागात, ज्या देण्यांतून सुटका होणार नाही त्यांची यादी आहे. त्यात दंड आहे, पोटगी आहे, आणि विद्यार्थ्याचे शिक्षणकर्जही आहे. तो भाग आपल्या जिल्ह्यातील सामान्य माणसाला लागू झाला की बुडालेल्या दुकानाचे कर्ज सुटेल, पण शिक्षणाचे सुटणार नाही. आणि जुन्या कायद्यातही दुसरी एक खोच आहे. एकाची मुक्तता झाली तरी त्याच्याबरोबर सही करणारा सुटत नाही. मुलाने नादारी घेतली तर सारा बोजा सहकर्जदार आईच्या डोक्यावर येतो. म्हणून आम्ही येथे कर्ज मिळविण्याच्या वाटा सांगत असलो तरी कर्ज घ्याच असे सांगत नाही. ऋण काढून सण करू नये हे आपण मुलांना शिकवितो. ऋण काढून पदवी घेतानाही तोच हिशेब मांडावा. कोणती संस्था, किती फी, त्या संस्थेतून बाहेर पडलेली मुले आज काय करतात, हे चौकशी करून पाहावे. भरमसाट फी घेणाऱ्या आणि काही न शिकविणाऱ्या ठिकाणी मुलाला घालण्यासाठी घेतलेले कर्ज हे दुसऱ्या नादारीचे बी आहे.

तरीही, घेण्याजोगे कर्ज घेण्यास भिऊ नये, हेही तितकेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आणि आपल्या जिल्ह्याचे एक नाते आहे. १९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, आणि आपण त्यांना पाडले. त्या माणसाच्या शिक्षणाचा जमाखर्च पाहा. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत गेले, तेही पुढे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले. पुन्हा १९२० साली गेले ते प्राध्यापकीच्या पगारातील बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन. मित्राने तेव्हा तारण मागितले असते तर बाबासाहेबांजवळ दाखवायला काय होते? जे तारण होते ते त्यांच्या डोक्यात होते, आणि भथेनांना ते दिसले.

सगळ्या अर्जदारांत आंबेडकर नसतात, असे बँकेचा अधिकारी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. परंतु अर्ज न वाचताच तो बाजूला ठेवला तर कोणात काय आहे हे कसे कळावे? आमचे मागणे एवढेच आहे. बापाच्या नावापुढे कोर्टाने नादार असे लिहिले म्हणून मुलाचा कागद बंद करू नये. त्याचे गुण पाहावेत, त्याने निवडलेले शिक्षण पाहावे, आणि मग नाही म्हणावयाचे तर लेखी म्हणावे. आणि पालकांना मागणे असे की नादारीची लाज बाळगून मुलांना अंधारात ठेवू नये. घरातले कागद त्यांच्यापुढे ठेवावेत. आमच्या आईने त्या तिसऱ्या दिवशी कोर्टाचा कागद आणि शाळेचा कागद दोन्ही आमच्यापुढे ठेवले, आणि कोणता आपला आणि कोणता बाबांचा हे दाखविले. तेवढे कळल्यावर आम्ही चौथ्या दिवशी शाळेत गेलो.